हलक्याला साखर लावू नकोस

निपाणीहून तू जे विचारलंयस त्याचा गोषवारा आधी देते, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तू आणि तुझा मित्र, दोघांनी मिळून चोवीस पानांची सुपरहिरो चित्रकथा केलीत. लिखाण तुझं, चित्रं त्याची. नायकाचं नाव हलक्या. वडील तंबाखूच्या वखारीत हमाल होते, आई अजून तिथंच कामाला. पोराची शक्ती अशी की ज्याला हात लावील त्याचं वजन घटकाभर नाहीसं होतं. पण हा हलक्या उर्मट आहे, आईला तोडून बोलतो, आणि कुणाला वाचवायचं तर आधी पैसे मागतो. दहा-बारा जणांना वाचायला दिलंत. निम्मे म्हणाले, "हिरो डोक्यात जातो, पुढचा भाग नको." निम्मे म्हणाले, "हल्ली असलेच हिरो चालतात, आहे तसा राहू दे." आणि तू विचारतोस, त्याला जरा गोड करू, की लोकांना सवय होईल म्हणून थांबू?

पानं मी दोनदा वाचली, एकदा मोबाईलवर, एकदा छापून काढून. वयानं माझ्या भाच्याएवढा असशील म्हणून अरे-तुरे करते, राग मानू नको.

मी बेळगावची, शहापूरची. आमच्या अप्पांचं भाड्यानं पुस्तकं द्यायचं छोटं दुकान होतं, शाळा सुटली की मी गल्ल्यावर. पुढं बावीस वर्षं चित्रकथांच्या संहिता लिहितेय, आणि त्याहून जास्त दुसऱ्यांच्या तपासतेय. तपासणाऱ्याला एक खोड लागते. वाचणारा काय म्हणाला ते थोडं बाजूला ठेवायचं आणि कुठल्या पानावर म्हणाला ते बघायचं. तुझ्या मित्रांना विचार, नेमकं कुठं मन उडालं? माझी पैज आहे, निम्मे तिसऱ्या पानावर बोट ठेवतील आणि उरलेले नवव्या.

'डोक्यात जातो' हे वाक्य नीट ऐक. हलक्या वाईट आहे असं कुणी म्हणालेलं नाही. वाईट माणसं वाचकाला चालतात, पुष्कळदा आवडतातसुद्धा. आपल्याच बेळगावचे रावसाहेब आठव, पु.लं.नी 'गणगोत'मध्ये उभे केलेले. शिवीशिवाय वाक्य पुढं सरकत नाही, तरी अख्ख्या महाराष्ट्रानं त्या माणसाला उराशी धरलं. कारण समोर पु.लं.सारखा ऐकणारा बसलाय. त्या शिवीच्या आत काय आहे हे त्याला कळतं, आणि त्याच्या नजरेनं ते आपल्याला कळतं.

तुझ्या चोवीस पानांत हलक्याकडं असं बघणारं कुणीच नाही. आई गप्प, कंडक्टर भेदरलेला, पोलिस बावळट, दुकानदार पाय धरायला तयार. सगळं गाव त्याच्यापेक्षा मठ्ठ. म्हणजे हलक्याचा उर्मटपणा बघायचं काम एकट्या वाचकावर पडलं. आणि एकटा पडलेला वाचक चिडतो. त्याला वाटतं, हे मला दिसतंय, लिहिणाऱ्याला दिसत नाही काय?

हे मला एका पोरीनं शिकवलं. खानापूर तालुक्यातल्या एका शाळेत उन्हाळी वर्गात मी माझीच एक जुनी कथा वाचून दाखवत होते. त्यातला नायक खोटारडा होता, मित्रांच्या कल्पना चोरायचा, आणि मला त्याचा फार अभिमान होता, काय गुंतागुंतीचा माणूस लिहिलाय म्हणून. सहावीतल्या त्या पोरीनं हात वर केला. "बाई, त्येला कोण कायच बोलत न्हाई व्हय?" बास. तेवढंच विचारलं. प्रकाशकानं ती कथा दोन भागांनंतर का बंद केली हे मला त्या दिवशी कळलं. तोवर मी छपाई, वितरण आणि वाचकांची अभिरुची अशा सगळ्यांना दोष देऊन मोकळी झाले होते.

आता तुझ्या दुसऱ्या गटाचं म्हणणं, की हल्ली असलेच हिरो चालतात. त्यातलं 'हल्ली' काढून टाक. आमच्या दुकानात इंद्रजाल कॉमिक्सचे मराठी अंक असायचे. वेताळ त्यातला राजा, स्वच्छ, देखणा, चुकत नसलेला. पण १९७६ मध्ये त्याच मालिकेत बहादूर आला तो डाकूचा मुलगा म्हणून. बापाला मारणाऱ्या पोलिस अधिकाऱ्याचा सूड घ्यायला निघालेला पोरगा, आणि त्याला वाढवलं त्याच अधिकाऱ्यानं. १९८६ पासून हिंदीतला नागराज. त्याला तर घडवलाच होता दहशतीचं हत्यार म्हणून, भाड्यानं द्यायला. मग डोगा, कचऱ्यात सापडलेला, डाकूनं वाढवलेला, कुत्र्याचा मुखवटा घालून गोळ्या झाडणारा. अप्पांना डोगा अजिबात आवडायचा नाही. पण भाड्याच्या वहीत सगळ्यात जास्त नोंदी त्याच्या, आणि परत आलेल्या अंकांचे कोपरे उंदरानं खाल्ल्यासारखे झालेले असायचे. वेताळ मात्र दोन वर्षांनीसुद्धा लग्नातल्या आहेराच्या भांड्यासारखा चकचकीत.

अमेरिकेतही तेच. तिथं १९५४ साली प्रकाशकांनी स्वतःवर नियमावली लादून घेतली, त्यात चांगल्यानं जिंकलंच पाहिजे, अधिकाऱ्यांचा मान राखलाच पाहिजे असं सगळं होतं. त्या सोवळ्यातही १९६२ मध्ये स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको यांनी स्पायडरमॅन आणला. पहिली गोष्ट फक्त अकरा पानांची. त्यात पीटर पार्कर चोराला समोरून पळून जाऊ देतो, कारण अडवायचं ते माझं काम नाही, असा त्याचा माज. तोच चोर पुढं त्याच्या काकाला मारतो. त्या माजाची किंमत अकरा पानं संपायच्या आत वसूल झाली, म्हणून साठ वर्षं लोक त्या पोराच्या मागे आहेत.

अप्पांच्या दुकानात उधारीची वही होती. कुणाचं किती थकलंय ते त्यात. बरीच उधारी बुडायची, पण लिहिलेली असायची. गिऱ्हाईक आलं की अप्पा वही नुसती टेबलावर ठेवायचे, उघडायचेसुद्धा नाहीत, तेवढ्यानं पुढचा चेहरा बदलायचा. नायकाचा दोष म्हणजे अशी उधारी, असं मी धरते. लगेच फेडून घ्यायची गरज नसते. कधीच फेडली नाही तरी गोष्ट उभी राहते. पण कथेत कुठंतरी ती लिहिलेली दिसली पाहिजे. कुणाच्या तरी डोळ्यात, नाहीतर एखाद्या गप्प चौकटीत. तुझ्या वहीत हलक्याच्या नावाचं पानच नाही.

आता तिसरं पान. इथं मला तुझ्यापेक्षा तुझ्या चित्रकार मित्राशी बोलायचंय. संवाद असा आहे: आई म्हणते, जेवून जा. हलक्या म्हणतो, "तुझं तेच ते, मला वेळ नाही." लिहिलेलं एवढंच. प्रत्येक घरात रोज बोललं जाणारं वाक्य, त्यानं कुणी नावडता होत नाही. पण चित्रात तुझ्या मित्रानं हलक्याच्या ओठाचा एक कोपरा वर नेलाय, आणि आईला चौकटीच्या तळाशी, पाठमोरी, लहान काढलंय. शब्दांत घाई आहे, चित्रात तुच्छता आहे. वाचकानं चित्रावर विश्वास ठेवला. चित्रकथेत नेहमी तसंच होतं. फुग्यातला मजकूर काहीही सांगू दे, डोळ्यानं पाहिलेलं खरं.

याचं सगळ्यात महागात पडलेलं उदाहरण मार्वलमधलं आहे. १९८१ चा अ‍ॅव्हेंजर्सचा २१३ वा अंक. हँक पिम नावाचा शास्त्रज्ञ नायक, मन ढासळत चाललेलं, पुन्हा मोठं व्हायला स्वतःच एक यंत्रमानव बनवतो, की त्यानं सगळ्यांवर हल्ला करावा आणि मी हरवून दाखवावं. बायको जॅनेट थांबवायला जाते, आणि तो तिला मारतो. लेखक जिम शूटर यांनी नंतर सांगितलं की संहितेत, वैतागून हात झटकताना तिला चुकून लागतो, असं होतं. चित्रकार बॉब हॉल यांनी सरळ ठोसा काढला, कारण त्यांना शिकवणच होती की कृती जितकी टोकाची तितकी चौकट जिवंत. पुन्हा काढायला वेळ नव्हता, तसंच छापलं. त्या एका चौकटीनं हँक पिमला जे चिकटलं ते अजून सुटलेलं नाही. मुंगीएवढं होण्याची कला शोधलेला माणूस लोकांच्या लक्षात राहिला बायकोला मारणारा म्हणून. त्यानंतर जो जो लेखक त्याला हाती घेतो त्याला त्या ठोशाशी आधी निपटावं लागतं.

बॉब हॉल यांना मी दोष देत नाही, हातात वेळ नसताना असंच होतं. माझ्याही एका कथेत भांडणानंतर दार लोटायचं होतं आणि चित्रात दार आपटलेलं आलं, धूळबिळ उडालेली. आम्ही दोघं तीन दिवस बोललो नाही. सांगायचं एवढंच की हलक्या किती वाईट आहे हे तुम्ही दोघांनी समोरासमोर बसून ठरवलेलं नाही. तुझ्या डोक्यात एक हलक्या आहे, त्याच्या पेन्सिलीत दुसरा. आधी तो घोळ मिटवा. ओठ सरळ करा आणि तीच चौकट दहा जणांना पुन्हा दाखवा. तेवढ्यानं अर्धी तक्रार जाते की नाही बघ.

आणि ती आई! निपाणीच्या वखारीत काम करणारी बाई चोवीस पानं तोंड उघडत नाही? अरे, ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला तुमच्याच गावातल्या तंबाखू कामगार बायकांनी संघटना बांधून मालकांपुढं तोंड उघडलं होतं. तुझ्या शेजारपाजारी त्यातल्या आज्या असतील, जाऊन बस त्यांच्याजवळ. तसली बाई पोराच्या माजाला काय उत्तर देईल? कदाचित ताट उचलून ठेवेल आणि म्हणेल, "हवेत उडालास तरी उतरायला जमीनच लागंल, येशील तवा जेव." एक वाक्य, भाषण नको. त्या वाक्यानं हलक्याच्या नावावर पहिली उधारी लिहिली जाईल.

भाषेवरून आठवलं, आणि हा मुद्दा तुझ्या मित्रांपैकी कुणी पकडलेला दिसत नाही. तुझा हलक्या बोलतो पुस्तकी. "मला वेळ नाही", "आधी पैसे द्या, मग बघू." आणि बाकी सगळं गाव बोलतं आपलं बोलणं, "काय करालास", "हाय की", "थांब की रं". तू हे ठरवून केलं नसशील. मुख्य पात्र आलं की आपला हात आपोआप शाळेतल्या मराठीकडं वळतो, सीमाभागात तर जास्तच, कारण आपलं मराठी कच्चं आहे की काय ही धाकधूक आपल्याला लहानपणापासून. पण वाचताना काय होतं बघ. एकच माणूस शुद्ध बोलतोय आणि त्याच्याभोवती बावळट दाखवलेली सगळी माणसं आपल्यासारखी बोलतायत. निपाणीतल्या वाचकाला हे झोंबणारच. हलक्या उर्मट वाटण्यात त्याच्या स्वभावापेक्षा या भाषेचा वाटा मोठा आहे अशी मला शंका आहे. हलक्याला हमालाच्या पोरासारखं बोलू दे. मग तोच उर्मटपणा घरचा वाटेल. कंडक्टरला तो "ए मामा" म्हणेल, आणि त्या 'मामा'मध्ये उद्धटपणाबरोबर नातंही येईल.

आता नववं पान. वडील पोत्याखाली चिरडून गेले, कुणी मदतीला आलं नाही, म्हणून हलक्या असा झाला. प्रसंग चांगला आहे, त्या पोत्यांची चित्रं फारच चांगली आहेत. जागा चुकली. आठ पानं त्यानं माज केला आणि नवव्यावर तू घाईघाईनं वाचकाच्या हातात माफीचा अर्ज दिलास. अजून वाचकाला नीट रागही आलेला नाही, त्याआधीच तू समजावायला लागलास. ज्याला कारण लगेच सांगितलं जातं त्याच्याबद्दल कुतूहल उरत नाही. वडिलांचा प्रसंग पुढं ढकल, दुसऱ्या-तिसऱ्या भागात जाऊ दे. पहिल्या भागात फक्त एवढं दाखव की पोतं दिसलं की हलक्या वाट बदलतो. ज्याच्या हातात वजन नाहीसं करायची शक्ती, तो पोत्याला हात लावत नाही. का ते सांगू नकोस.

आणि पैशांचं म्हणशील तर त्याला हात लावू नकोस. तुझ्या कथेतली सगळ्यात चांगली कल्पना तीच. तवंदी घाटात बस कठड्यावरून लोंबकळतेय, आत माणसं, आणि हा बाहेर उभा राहून दर सांगतोय, हे वाचून मी मोठ्यानं हसले. तुझे मित्र याला दुष्टपणा म्हणत असतील, पण चलाख सौदेबाज आपल्याकडं कुणाला नको असतो? उलट ते वाढव. महाराष्ट्राची एसटी असो की कर्नाटकची बस, हलक्याचा दर एकच. आपल्या भागात असं ठणकावून सांगणारा दुसरा कोण आहे सांग बघू. फक्त पाचव्या पानावरच्या म्हाताऱ्याकडं पैसे नसतात आणि हलक्या निघून जातो, तिथं तू पान उलटलंस आणि विषय सोडलास. म्हाताऱ्याचं पुढं काय झालं? गोष्ट विसरली, वाचक विसरत नाही.

गोष्ट हिशेब करत नाही तेव्हा काय होतं त्याचा एक जगप्रसिद्ध किस्सा आहे. रॉबिन म्हणजे बॅटमनचा पोरगेला साथीदार, त्यातला दुसरा जेसन टॉड. १९८७ मध्ये त्याचा जन्मच नव्यानं लिहिला, बॅटमनच्या गाडीची चाकं चोरताना सापडलेला रस्त्यावरचा पोरगा असा. रागीट, हट्टी, कुणाचं न ऐकणारा. एका अंकात एक नराधम बाल्कनीतून पडून मरतो आणि जेसन तिथं उभा असतो. ढकललं की घसरला? जेसन म्हणतो घसरला, चित्र काही सांगत नाही. कल्पना म्हणून ही चौकट मला आवडते. पण तो प्रश्न तसाच लोंबकळत राहिला, आणि वाचकांच्या मनात पोराविषयीची अढी वाढत गेली. मग १९८८ मध्ये प्रकाशकांनी अंकात दोन फोन नंबर छापले, जेसन जगावा आणि जेसन मरावा. छत्तीस तास फोन घेतले. जगावाला ५,२७१, मरावाला ५,३४३. बहात्तर फोनांनी पोराला मारलं.

पण हा किस्सा इथं संपत नाही म्हणून तर सांगतेय. २००५ मध्ये जेसन परत आला, रेड हूड हे नाव घेऊन. आता तो माणसं मारतो, आधीपेक्षा कितीतरी वाईट आहे. आणि ज्या वाचकांनी त्याला फोन करून मारला असता त्यांनाच तो प्रचंड आवडला. स्वभाव तोच, राग तोच. बदललं एवढंच की आता उधारी बॅटमनच्या नावावर आहे. तुझा वैरी जोकर, त्यानं मला मारलं, तरी तो अजून जिवंत कसा, हा जेसनचा सवाल, आणि बॅटमनजवळ त्याला धड उत्तर नाही. रागाला पत्ता मिळाला. हलक्याचा राग तुझ्या कथेत कुणावर आहे? सध्या तरी सगळ्यांवर आहे, म्हणजे कुणावरच नाही.

उलटा धोकाही सांगून ठेवते, कारण तुझ्या निवेदनाच्या पट्ट्या बघून मला तो दिसतो. सगळ्या पट्ट्या हलक्याच्या मनातल्या आहेत. वाचक ज्याच्या कानात बसतो त्याच्या बाजूला झुकतो. अ‍ॅलन मूर आणि डेव्ह गिबन्स यांनी १९८६-८७ मध्ये 'वॉचमेन'चे बारा अंक केले, त्यातला रोर्शाक, मुखवटा घालून गुन्हेगारांना स्वतःच शिक्षा देणारा, हा मूर यांच्या मते असा माणूस की त्याच्याजवळ कुणी उभं राहू नये. पण त्याची डायरी आपण वाचतो, त्याच्या आवाजात गल्लीबोळ बघतो, आणि शेवटी तडजोड न करणारा तो एकटाच. झालं, शेकडो वाचकांनी त्यालाच आदर्श केला, आणि मूर यांनी पुढं कितीतरी वेळा त्याबद्दल कपाळाला हात लावला. तुझे दुसऱ्या गटातले मित्र हलक्याला 'आहे तसा ठेव' म्हणतात ते या कारणानं तर नाही ना, हे एकदा विचारून बघ. आईशी तो वागतो त्यात त्यांना काही खटकलंच नसेल, तर तुला वेगळीच काळजी करायला हवी.

यावर आपल्या मातीतला एक जुना तोडगा आहे. आजऱ्याच्या शिवाजी सावंतांनी १९६७ मध्ये 'मृत्युंजय' लिहिलं. कर्ण म्हणजे दोषांची खाण, भर सभेत द्रौपदीला बोलू नये ते बोललेला माणूस. सावंतांनी कथा एकट्या कर्णाला सांगू दिली नाही. कुंती बोलते, वृषाली बोलते, दुर्योधन, शोण, कृष्ण बोलतात. पुढं कोवाडच्या रणजित देसाईंनीही कर्णावरच 'राधेय' लिहिलं. बेळगावहून दुपारी निघालो तर संध्याकाळी दिवेलागणीला परत येऊ एवढ्या टापूत या दोन गावांनी मराठीला दोन कर्ण दिले, आणि आपण सदोष नायक कसा लिहावा म्हणून बाहेर बघतो. असो. तुझ्यापुरतं सांगायचं तर निम्म्या पट्ट्या काढून टाक आणि चार पट्ट्या कंडक्टरला दे. तवंदी घाटातला सौदा त्याच्या नजरेनं सांगितला तर हलक्या एकाच वेळी देव आणि चोर दिसेल.

हे सगळं कशावर अवलंबून आहे तेही सांगायला हवं, नाहीतर तू माझं बोलणं सरसकट लावशील. एकच चोवीस पानी गोष्ट करून थांबणार असलास तर उधारी त्याच अंकात थोडी तरी वसूल व्हायला हवी. लांबवणार असलास तर सवड आहे. २०१३ च्या सुपीरियर स्पायडरमॅनमध्ये पीटरच्या शरीरात त्याच्या शत्रूचं, डॉक्टर ऑक्टोपसचं मन घातलं होतं. सुरुवातीला वाचक भयंकर भडकले. पण हा गर्विष्ठ माणूस कामात पीटरपेक्षा खरंच चोख होता, आणि पोलिसांत काम करणारी कार्ली कूपर पहिल्यापासून संशयानं त्याच्याकडं बघत होती. पुढं तीस-एक अंकांनी तो स्वतः कबूल करतो की खरा स्पायडरमॅन पीटरच, आणि शरीर परत देतो. तोवर वाचकांना त्याचं जाणं जड जात होतं. एवढी लांब दोरी तुझ्याजवळ आहे का, ते तूच ठरव. दहा-बारा वर्षांच्या पोरांसाठी करत असशील तर हिशेब आणखी जवळ आण, पोरं थांबत नाहीत. विनोदी करणार असशील तर खूप सूट मिळते, कारण हसणारा वाचक उधारी सांभाळून घेतो. आणि मोबाईलवर वाचणाऱ्यांना एका वेळी एकच चौकट दिसते, म्हणून कागदावर शेजारी बसलेली आईची गप्प चौकट तिथं निसटून जाते. तिला मोबाईलवर पूर्ण पडदा दे.

आता कामाचा क्रम. आधी दोघांनी बसून तिसरं पान पुन्हा काढा, ओठ आणि आईची जागा बदला, तिला ते एक वाक्य द्या. मग हलक्याची बोली. मग नववं पान उचलून बाजूला ठेवा, फाडू नका, ते लागणार आहे. पट्ट्या शेवटी. एकाच दिवशी सगळं बदललंत तर कशानं फरक पडला ते कळणार नाही. दर बदलानंतर दोन नवे वाचक घ्या. जुन्या मित्रांना आता विचारू नका, त्यांना हलक्या आधीच माहीत झालाय.

नाव मात्र कुणी कितीही सांगितलं तरी बदलू नकोस. हलका आणि हलकट दोन्ही त्यात आहे, मला बावीस वर्षांत असं एक नाव सुचलं नाही.

आणि पाचव्या पानावरच्या त्या म्हाताऱ्याला एक नाव दे. दुसऱ्या भागाच्या पहिल्या चौकटीत तो वखारीच्या दारात बसलेला असू दे, हातात मोजून आणलेली चिल्लर घेऊन.